तुटक तारे: भंडारदऱ्याच्या काठावरील एका स्टार ट्रेल छायाचित्राचे प्रकरण

ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या आकाशाचे एक छायाचित्र काढण्यासाठी मी आणि माझी एक मैत्रीण एका हिवाळ्यात दोनदा भंडारदऱ्याला गेलो. पहिल्या वेळी, डिसेंबरच्या अमावास्येला, पाच तास कॅमेरा चालू ठेवूनही हाती आलेल्या चित्रात ताऱ्यांच्या सलग रेषांऐवजी धावदोऱ्याच्या टाक्यांसारखे तुटक तुकडे होते, आणि मध्यरात्र उलटून गेल्यानंतरच्या फ्रेममधले तारे तर एकेक करून विझत गेले होते. दुसऱ्या वेळी, जानेवारीतल्या शुद्ध चतुर्थीला, तेच चित्र त्याच जागेवरून मनासारखे मिळाले. दोन्ही रात्री कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड तेच होते. पहिल्या रात्री नेमके काय बिघडले, ते कसे शोधून काढले आणि दुसऱ्या रात्री काय बदलले, याची ही सविस्तर नोंद आहे. स्टार ट्रेलमध्ये, म्हणजे सरकत्या ताऱ्यांच्या रेषा टिपणाऱ्या छायाचित्रात, सगळा खेळ खंड न पडू देण्याचा असतो, आणि आमचा प्रत्येक दोष कुठल्या ना कुठल्या खंडातूनच आला होता.

जागेची निवड

भंडारदऱ्याचा जलाशय प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणामुळे तयार झाला आहे. त्याच्या दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिले की पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग आडवी पसरलेली दिसते. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे. पण आठ-नऊ किलोमीटरवरून पाहताना ही रांग क्षितिजापासून जेमतेम पाच-सहा अंश वर येते. आमच्या चित्रासाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली, आणि त्याचे कारण थोडे उलगडून सांगायला हवे.

ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, हे पाहणाऱ्याच्या अक्षांशावर ठरते. भंडारदऱ्याचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास असल्याने तिथे ध्रुवही साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश व्यापते; म्हणजे महाराष्ट्रात क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की ध्रुवाची उंची सापडते. लंडनमध्ये हाच तारा ५१ अंशांहून अधिक उंचीवर असतो. स्टार ट्रेलविषयीचे बहुतेक मार्गदर्शन युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या आकाशाला धरून लिहिलेले असते; त्यातल्या चित्रांत घराच्या किंवा झाडाच्या बऱ्याच वर पूर्ण वर्तुळांची चक्रे दिसतात. आपल्याकडे तशी चक्रे मिळत नाहीत. ध्रुवापासून १९ अंशांच्या आतले तारेच इथे कधी मावळत नाहीत. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा हे दोन्ही ठळक तारकासमूह रोज क्षितिजाखाली जातात. त्यामुळे आपल्या चित्रात मधली थोडी वर्तुळे पूर्ण होण्याजोगी असतात आणि बाकीची सगळी डोंगराच्या रेषेवर येऊन तुटतात. मला हे न्यून वाटत नाही. डोंगरातून उगवून डोंगरातच मावळणारे कमानीसारखे तारे ही आपल्या अक्षांशाची खास रचना आहे आणि चित्र तिच्या अंगाने रचायला हवे.

ध्रुव इतका खाली असल्याचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. मुळात आम्हाला एका किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून कड्यावर फिरणारे तारे टिपायचे होते. कागदावर हिशेब केला तेव्हा तो बेत सोडावा लागला. साडेएकोणीस अंशांचा कोन म्हणजे उंची आणि अंतर यांचे गुणोत्तर ०.३५. समोरचा डोंगर आपल्यापेक्षा ३५० मीटर उंच असेल, तर त्याच्यापासून किमान एक किलोमीटर दूर उभे राहिल्याशिवाय ध्रुव डोंगरावर येतच नाही, आणि तो डोंगराच्या बराच वर हवा असेल तर अंतर दुप्पट-तिप्पट करावे लागते. सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाड्यांतून उत्तरेचे आकाश याच कारणाने झाकलेले असते. मधे विस्तीर्ण पाणी आणि पलीकडे दूरची रांग अशी भंडारदऱ्याची मांडणी या हिशेबात चपखल बसली.

या जागेचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. नाशिक शहर इथून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर, जवळजवळ थेट उत्तरेला आहे. म्हणजे त्याच्या दिव्यांची आभा नेमकी ध्रुवाच्या खाली, डोंगराच्या मागून वर येते. घोटी-इगतपुरीचा उजेड डाव्या हाताला असतो. दक्षिणेकडे तोंड करून आकाशगंगा टिपणाऱ्याला इथे जे अंधारे आकाश मिळते, ते उत्तरेकडे पाहणाऱ्याला मिळत नाही. आम्ही हे जाणून घेऊनच ती जागा निवडली, आणि एक्स्पोजरचे (सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा याचे) सगळे निर्णय या आभेला धरून करावे लागले.

एक लांब एक्स्पोजर की शेकडो छोटे

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आमच्या कॅमेऱ्याचा फुल फ्रेम सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे आणि लेन्स २४ मिलिमीटरची; या जोडीत एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे ५१ विकला व्यापतो. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका पिक्सेलवर तीन-साडेतीन सेकंद थांबतो आणि पुढच्या पिक्सेलवर जातो. सप्तर्षीतले तारे ध्रुवाच्या जवळ असल्याने सावकाश सरकतात. ते साधारण सहा सेकंद थांबतात. शटर अर्धा मिनिट उघडे ठेवा किंवा अर्धा तास, त्या पिक्सेलच्या वाट्याला ताऱ्याचा प्रकाश तेवढेच सेकंद येतो. तारारेषेची तेजस्विता म्हणूनच अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) यांवर ठरते, एक्स्पोजरच्या लांबीवर नाही.

आकाशाच्या पार्श्वभूमीचे मात्र तसे नाही. नाशिकच्या दिव्यांची आभा जागची हलत नाही. ती त्याच पिक्सेलांवर सेकंदामागून सेकंद साचत राहते. तासभराचे एकच एक्स्पोजर घेतले, तर तारे होते तेवढेच राहतात आणि आकाश उजळत उजळत त्यांना गिळून टाकते. फिल्मच्या काळात लोक लेन्सचे छिद्र बारीक करून आणि अगदी काळोख्या जागा शोधून एकाच फ्रेमवर तासन्‌तास एक्स्पोजर देत असत. डिजिटल सेन्सरवर त्यात उष्णतेमुळे येणाऱ्या नॉइजचीही (खोट्या ठिपक्यांचीही) भर पडते. यावरचा रूढ उपाय म्हणजे तीस-तीस सेकंदांच्या शेकडो फ्रेम सलग घ्यायच्या आणि नंतर संगणकावर ‘लायटन’ पद्धतीने जोडायच्या. या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलसाठी सर्व फ्रेमपैकी सर्वांत उजळ मूल्य ठेवले जाते. त्यामुळे आकाश एका फ्रेमइतकेच गडद राहते आणि तारे मात्र त्यांच्या सगळ्या जागा उजळवत रेषा काढतात.

या पद्धतीची एकच अट आहे. दोन फ्रेममधले अंतर इतके कमी हवे की तारा त्या वेळात एक पिक्सेलही सरकू नये.

पहिली रात्र

आम्ही सूर्यास्तापूर्वी काठावर पोहोचलो, दिशा निश्चित केली, एका ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू मोठे करून हाताने फोकस केला आणि फोकसची कडी चिकटपट्टीने बांधली. अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, शटर ३० सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का, फाइल रॉ. ट्रायपॉडवर कॅमेरा असताना लेन्समधले कंपनरोधक बंद ठेवायचे असते, तेही केले. इंटरव्हलोमीटरवर, म्हणजे ठरावीक वेळाने शटर उघडण्याचा इशारा देणाऱ्या उपकरणावर, दोन फ्रेममधला कालावधी ३१ सेकंद लावला: तीस सेकंदांचे एक्स्पोजर आणि एक सेकंदाची मोकळीक. रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी पहिली फ्रेम सुरू झाली. कॅमेरा ठरल्याप्रमाणे उघडझाप करतो आहे हे पाहून आम्ही गाडीत जाऊन बसलो.

तीन वाजून गेल्यावर परत आलो, तेव्हा लेन्सची पुढची काच पूर्ण धुरकट झाली होती आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून पाणी पिळून काढता येत होते. फ्रेम भरल्या होत्या २९०. पाच तासांत त्या सुमारे ५८० व्हायला हव्या होत्या. हा हिशेब तेव्हाच मनात करायला हवा होता, पण थंडीत आणि झोपेत तो सुचला नाही. घरी येऊन सगळ्या फ्रेम जोडल्यावर मोबाइलच्या पडद्यावर चित्र बरे दिसले. संगणकावर शंभर टक्के मोठे केले, तेव्हा सप्तर्षीच्या ताऱ्यांच्या रेषा पाच पिक्सेल उजेड, पाच पिक्सेल अंधार, पुन्हा पाच पिक्सेल उजेड अशा तुटलेल्या होत्या. ध्रुवाच्या जवळ हेच तुकडे आणि मोकळ्या जागा दोन-अडीच पिक्सेलांच्या होत्या, त्यामुळे तिथली वर्तुळे लांबून सलग भासत होती.

निदान

माझा पहिला संशय कॅमेऱ्यातल्या लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनवर गेला. ही सोय चालू असली की कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम शटर बंद ठेवून घेतो आणि तिच्यावरून नॉइज वजा करतो. एकेकट्या चित्रासाठी ही सोय उत्तम आहे. स्टार ट्रेलमध्ये ती निम्मे आकाश खाऊन टाकते. पण मेनू तपासला तर ती बंद होती.

उत्तर फाइलींच्या वेळांमध्ये सापडले. प्रत्येक दोन फ्रेमच्या सुरुवातींमध्ये अचूक ६२ सेकंदांचे अंतर होते. ६२ म्हणजे ३१ची दुप्पट. नॉइज रिडक्शन चालू असते तर एक्स्पोजर आणि काळी फ्रेम मिळून कॅमेरा त्याहूनही अधिक वेळ अडकला असता आणि हे अंतर ३१च्या तिप्पट, म्हणजे ९३ सेकंद आले असते. अंतर दुप्पट येण्याचा अर्थ इतकाच होतो की इंटरव्हलोमीटर दर ३१ सेकंदांनी इशारा देत होता आणि कॅमेरा एकाआड एक इशारा नाकारत होता. तो नाकारत असेल तर त्या क्षणी त्याचे आधीचे काम संपलेले नसणार. पण तीस सेकंदांचे काम एकतिसाव्या सेकंदालाही संपलेले नसावे, हे मला पटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवला, शटर ३० सेकंदांवर लावले आणि उघडण्याच्या आवाजापासून बंद होण्याच्या आवाजापर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजला. तो ३२ सेकंद भरला. पुन्हा मोजला, पुन्हा ३२. मग १५ सेकंदांवर लावून पाहिले, तर ते सोळा निघाले.

कारण कळल्यावर ते अगदी सरळ वाटते. शटरचा प्रत्येक पूर्ण टप्पा आधीच्या टप्प्याच्या दुप्पट प्रकाश देतो: १, २, ४, ८, १६, ३२. कॅमेऱ्याच्या तबकडीवर सोयीसाठी शेवटचे दोन आकडे १५ आणि ३० असे लिहिण्याची जुनी प्रथा आहे, पण आतले यंत्र अनेक कॅमेऱ्यांत दुपटीचाच हिशेब पाळते. रोजच्या छायाचित्रणात या दोन सेकंदांनी काहीच बिघडत नाही. इथे मात्र एकतिसाव्या सेकंदाला आलेला इशारा शटर उघडे असतानाच येत होता आणि वाया जात होता. पुढचे शटर ६२व्या सेकंदाला उघडत होते. दरवेळी तीस सेकंदांचे आकाश हातातून जात होते. सप्तर्षीतला तारा तीस सेकंदांत या लेन्सवर सुमारे पाच पिक्सेल सरकतो, आणि चित्रातली मोकळी जागा नेमकी तेवढीच होती.

स्टारस्टॅक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये अशा मोकळ्या जागा भरून काढण्याची सोय आहे. ती वापरून पाहिली. ध्रुवाजवळच्या बारीक फटी तिने छान सांधल्या, पण चित्राच्या कडेला, जिथे तारे झरझर सरकतात, तिथे रेषांना मण्यांच्या माळेसारखे फुगवटे आले. एखाद्या सेकंदाच्या फटीसाठी ती सोय चांगली आहे. निम्मी रात्र भरून काढणे तिच्या आवाक्यातले नाही.

दव

दुसरा दोष फ्रेम ओळीने पाहिल्यावर कळला. १९५व्या फ्रेमपर्यंत, म्हणजे रात्री दीड वाजेपर्यंत, आकाश स्वच्छ होते. त्यानंतर आधी बारीक तारे नाहीसे झाले, मग ठळक ताऱ्यांभोवती मऊ वलये आली आणि अडीचच्या पुढे ध्रुवसुद्धा एक पुसट डाग होऊन राहिला.

काचेवर दव का धरते, हे समजून घेतल्याशिवाय त्यावरचा उपाय जमत नाही. निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. तिचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली उतरले की हवेतली वाफ तिच्यावर जमते. जलाशयाच्या काठी हवा दमट असल्याने दवबिंदू वर असतो आणि ही वेळ लवकर येते. जितके आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला, तितके दव जास्त; म्हणजे छायाचित्रासाठी उत्तम असलेली रात्रच काचेसाठी सर्वांत वाईट असते. काच पुसून उपयोग होत नाही, कारण पुसलेली काचही तितकीच थंड असते आणि काही मिनिटांत पुन्हा धुरकटते. शिवाय पुसताना कॅमेरा हलतो. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम ठेवणे एवढाच खरा उपाय आहे.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या काकांनी सकाळी चहा देताना एक गोष्ट सांगितली ती मी वहीत टिपून ठेवली: “ताई, गवताला हात लावून बघायचा. गवत ओलं झालं की अर्ध्या तासात सगळंच ओलं. आणि दोनच्या पुढं पाणी वाफाळतं, मग पलीकडचा डोंगर दिसत नाही.” पुढच्या खेपेची वेळ आम्ही त्यांच्या या सांगण्यावरच बेतली.

दुसरी रात्र

जानेवारीत शुद्ध चतुर्थी मुद्दाम निवडली. त्या दिवशी चंद्राची कोर सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी मावळते. तोवर पश्चिमेकडून येणारे तिचे मंद चांदणे कळसूबाईच्या रांगेवर तिरपे पडते आणि घळी, धारा, कातळ सगळे सावल्यांसह उठून दिसते. अमावास्येच्या चित्रात डोंगर म्हणजे नुसती काळी पट्टी झाली होती. या वेळी चंद्र असतानाच डोंगर आणि पाणी यांची वेगळी एक्स्पोजरे घेतली: एफ ४, आयएसओ ८००, बल्बवर (हवा तेवढा वेळ शटर उघडे ठेवण्याच्या सेटिंगवर) चार मिनिटे. यातले तारे वापरायचे नव्हते, फक्त जमीन वापरायची होती. चंद्र मावळल्यावर आकाश काळे झाले आणि मग ताऱ्यांच्या फ्रेम सुरू केल्या. जमीन चांदण्याची आणि आकाश अंधाराचे, ही एकाच रात्रीतली दोन वेळांची जोड आहे. ती लपवण्यासारखी नाही, पण चित्राखाली तसे लिहावे असे मला वाटते.

या पद्धतीत कॅमेरा संध्याकाळपासून शेवटपर्यंत केसभरही हलता कामा नये. जलाशयाचे पाणी हिवाळ्यात मागे हटू लागते आणि काठाला मऊ गाळ उघडा पडतो. डिसेंबरच्या फ्रेम एकमेकींवर ठेवून पाहताना डोंगराची रेषा पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये तीन पिक्सेल खाली-वर झालेली आढळली होती. ट्रायपॉडचा एक पाय गाळात खचला होता. या वेळी उजेडातच तीन चपटे दगड गोळा केले, गाळ दाबून ते पक्के बसवले आणि ट्रायपॉडचे पाय त्यांच्यावर टेकवले. मधला दांडा वर ओढला नाही. सामानाची पिशवी ट्रायपॉडला टांगण्याची पद्धत आहे, पण वाऱ्याने पिशवीच झोके घेते. म्हणून तिचा तळ जमिनीला टेकेल इतकी खाली सोडली.

इंटरव्हलोमीटर या वेळी वापरलाच नाही. कॅमेरा कंटिन्युअस ड्राइव्हवर ठेवला, शटर ३० सेकंदांवर, आणि साध्या केबल रिलीजचे बटण दाबून अडकवून टाकले. बटण दाबलेले असेपर्यंत कॅमेरा एक फ्रेम संपताच दुसरी सुरू करतो. बाहेरच्या घड्याळाशी त्याचा संबंध उरत नाही. ज्यांना इंटरव्हलोमीटरच वापरायचा आहे, त्यांनी कालावधी ३३ किंवा ३४ सेकंद लावावा आणि आदल्या दिवशी घरी दहा फ्रेम घेऊन फाइलींच्या वेळा तपासाव्यात. एक-दोन सेकंदांच्या फटीत तारा पाव ते अर्धा पिक्सेल सरकतो, ते कोणाच्या नजरेला येत नाही.

बॅटरी मधे बदलली की वीस-तीस सेकंद जातात आणि हात लागल्याने कॅमेरा हलण्याची भीती असते. म्हणून डमी बॅटरी लावून ती पॉवर बँकेला जोडली. दुसऱ्या पॉवर बँकेवर लेन्सभोवती गुंडाळलेली पाच व्होल्टची तापपट्टी चालू होती. ती पुढच्या काचेच्या जितकी जवळ असेल तितकी चांगली, पण फोकसच्या कडीवर दाबून बसवायची नाही. लेन्सवरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवला. फिल्टरच्या पृष्ठभागांवरून ठळक दिव्यांचे खोटे प्रतिबिंब चित्रात उतरते, आणि पट्टीची ऊब लेन्सपुढच्या त्या वेगळ्या काचेपर्यंत नीट पोहोचत नाही. लेन्स हूड मात्र ठेवला, कारण तो काचेला दिसणारे मोकळे आकाश थोडे कमी करतो.

अ‍ॅपर्चर एफ २.८वरून एफ ४ केले. यामुळे नाशिकची आभा निम्म्याने कमी झाली, चौकटीच्या कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसत होते ते नीट बिंदू झाले, आणि ठळक ताऱ्यांचे रंग टिकले. जास्त प्रकाशात प्रत्येक तारा पांढरा होऊन जातो. प्रकाश थोडा आवरला की कोणता तारा निळसर आणि कोणता नारिंगी, हे रेषेत दिसू लागते. बारीक तारे चित्रातून गेले, ते मला बरेच वाटले, कारण डिसेंबरच्या चित्रात रेषांची इतकी दाटी होती की नजर कुठे ठरत नव्हती.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बटण अडकवले. सव्वाबाराला गवताला हात लावला, ते ओलेचिंब होते. टॉर्चवर लाल कागद लावून, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने, काच तिरप्या नजरेने पाहिली. ती कोरडी होती. एक चाळीसला, पाण्यावर पहिली वाफ तरंगू लागली तेव्हा, थांबलो. ४४३ फ्रेम झाल्या होत्या. चार तासांत आकाश ६० अंश फिरले होते. लगेच लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगवर १५ काळ्या फ्रेम घेतल्या. हे काम घरी जाऊन करून चालत नाही, कारण सेन्सरचे तप्त पिक्सेल तापमानाप्रमाणे बदलतात. ‘लायटन’ पद्धत उजळ ते सगळे जपते, त्यामुळे एखादा लाल किंवा निळा तप्त पिक्सेल शेवटच्या चित्रात ठिपका होऊन राहतोच. काळ्या फ्रेम वजा केल्या तरच तो जातो.

जोडणी

रॉ फाइलींवर सर्वांना एकसारखे संस्कार केले. नॉइज कमी करणे आणि शार्पनिंग या पायरीवर टाळले, कारण फ्रेमगणिक केलेले शार्पनिंग जोडल्यावर रेषांना काळी किनार देते. सगळ्यात जास्त वेळ विमानांनी घेतला. तीसेक फ्रेममध्ये त्यांच्या दिव्यांचे ठिपक्यांचे माग होते. उपग्रह त्या मानाने थोडे होते. हिवाळ्यात रात्री दहानंतर उत्तरेच्या आकाशातले खालच्या कक्षेतले बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. विमान काढण्याची पद्धत साधी आहे: ज्या फ्रेममध्ये ते आहे, त्या एकाच फ्रेममध्ये त्याच्या मागावर बारीक काळा ब्रश फिरवायचा. ‘लायटन’मध्ये काळ्याला काही किंमत नसते, शेजारच्या फ्रेममधले आकाश तिथे आपोआप येते. मागाखाली आलेल्या ताऱ्याचे बत्तीस सेकंद तेवढे जातात.

जोडलेल्या चित्रात डाव्या हाताला शर्मिष्ठेचे तारे डोंगराकडे उतरतात, उजव्या हाताला सप्तर्षी डोंगरातून वर चढतात, आणि मधे ध्रुव आहे. तो स्थिर नाही. ध्रुवतारा खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सध्या सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असल्याने तोही रोज एक छोटे वर्तुळ काढतो. त्याचा व्यास पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण अडीचपट असतो. चार तासांत त्याने ४७ पिक्सेलांची कमान काढली होती. तीन फूट रुंदीची छापील प्रत काढली, तेव्हा ती कमान सात मिलिमीटर भरली. एक प्रत काकांना दिली. त्यांनी आधी डोंगरावरची प्रत्येक सोंड नावाने ओळखली, मग चित्राच्या मधोमध बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हा ध्रुव ना? हा पण फिरलाय की.”

नाशिकची आभा डोंगराच्या मागे अजूनही आहे. तिच्यातला नारिंगी रंग मी थोडा उतरवला, पूर्ण पुसला नाही; ती तिथे आहे आणि दरवर्षी वाढते आहे. सप्तर्षीतल्या सर्वांत वरच्या ताऱ्याच्या रेषेवर, तिच्या सुरुवातीपासून एक-चतुर्थांश अंतरावर, पाच पिक्सेलांची एक खाच आहे. दहा चाळीसच्या सुमारास एक विमान नेमके त्या ताऱ्यावरून गेले होते.